बनावट गिऱ्हाइकाची दाढ

त्या सोमवारी सकाळी सोमनाथ बोरस्ते यांच्या तोंडात एकोणतीस दात होते. चार अक्कलदाढांपैकी तीन वेगवेगळ्या साली काढल्या गेल्या होत्या. चौथीने कधी तक्रार केली नाही म्हणून तिला राहू दिलं होतं. बाकीच्यांपैकी चारांत चांदी भरलेली होती, एकाचा कोपरा सुपारीने उडवला होता, आणि डावीकडची खालची दुसरी दाढ, जिला दातांचे डॉक्टर सदतीस नंबर म्हणतात, गार पाणी लागलं की कळवळायची. जीभ एक, घरात वापर कमी. ओठ दोन, दोन्ही चालू स्थितीत.

ही नोंद आधीच करून ठेवलेली बरी, कारण पुढे जे काही घडलं त्यात दात एकही कमी झाला नाही. नुकसान झालं ते शेवटच्या बाबीत.

बोरस्ते वजनमापे खात्यात होते. साहेब नव्हते, पण साहेबांचं त्यांच्यावाचून अडायचं, कारण गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं काम त्यांच्याकडे होतं. खात्याची ही जुनी रीत. एक माणूस साध्या कपड्यांत जातो, किलोभर साखर मागतो, पुडी हातात पडली की बाहेर थांबलेले साहेब आत येतात आणि पुडी सरकारी काट्यावर चढते. बोरस्त्यांचा चेहरा या कामासाठीच घडवला असावा. तो एकदा पाहून कोणाच्याच लक्षात राहत नसे. पंचवटीतल्या एका दुकानदाराने त्यांना लागोपाठ तीन वर्षं ओळखलं नाही आणि तिन्ही वर्षं तो सापडला. वरून चौथ्या वर्षी त्यांना म्हणाला, "साहेब, पहिल्यांदाच आलात वाटतं?"

अशा माणसासमोर डॉक्टर जावयाचं स्थळ आलं.

स्थळ आणलं होतं त्यांच्या मेव्हण्याने, म्हणजे विंचूरच्या निवृत्तीमामांनी. मुलगा डॉ. हर्षल, दातांचा डॉक्टर, दिंडोरी रोडला स्वतःचा दवाखाना. बायोडाटा व्हॉट्सॲपवर आला. त्यात उंची होती, रास होती, नाडी होती, मामाचं गाव होतं. तेजलने तो दोनदा वाचला. तेजल म्हणजे बोरस्त्यांची एकुलती एक मुलगी, रसायनशास्त्रात एम.एस्सी., द्राक्षांवर फवारलेलं औषध निर्यातीपूर्वी किती उरलंय हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. ती हर्षलशी फोनवर दोनतीनदा बोलली आणि म्हणाली, "पप्पा, बोलायला बरा वाटला. तुम्हीही एकदा नीट बघा."

बोरस्त्यांनी 'नीट' हा शब्द तेवढा ऐकला.

आता नीट बघायचं म्हणजे साधारण बाप काय करतो? आजूबाजूला चौकशी करतो. पण चौकशीत लोक चांगलंच सांगतात, हे बोरस्त्यांना नोकरीमुळे माहीत होतं. माल तपासायचा तर गिऱ्हाईक होऊन तपासायचा. मुलगा दातांचा डॉक्टर, आपली दाढ दुखरी, दोन्ही बाजूंचे लोक अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. अशी संधी खात्यातसुद्धा क्वचित मिळते. घरात "ऑफिसच्या कामाने जातोय" असं सांगून ते दिंडोरी रोडला गेले.

"नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"वाल्मीक शेवाळे," बोरस्ते म्हणाले. हा त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. घाईत दुसरं कोणी आठवलं नाही.

"मोबाइल नंबर?"

बोरस्त्यांनी आपला नंबर सांगितला. खरा. जन्मभर खरं बोलणाऱ्याचं हे असं होतं. खोटेपणा शेवटपर्यंत निभावता येत नाही. दुकानात साखर घेताना कोणी नंबर विचारत नाही, त्यामुळे या बाबतीत त्यांचा सराव नव्हता.

तपासणीचा पहिला भाग उत्तम पार पडला. खुर्चीत आडवं पडल्या पडल्या त्यांनी पाहून घेतलं: नखं कापलेली, हात धुतलेले, आधीच्या पेशंटची अवजारं बाजूला, मोबाइल खिशात आणि खिशातच. मुलगा हसतमुख होता, पण उगीच नव्हता. एक्स-रे काढून तो म्हणाला, "काका, कीड दाताच्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनल करावं लागेल. दोन वेळा यावं लागेल."

इतका आनंद कोणत्याही पेशंटला रूट कॅनलचं नाव ऐकून झाला नसेल. दोन वेळा! म्हणजे नमुना दोनदा तपासता येणार.

दुसऱ्या वेळी गडबड झाली. दाढेच्या मुळांत पोकळी बुजवायचा मसाला भरत असताना बोरस्त्यांच्या जबड्यातून हनुवटीपर्यंत विजेसारखी एक कळ गेली. कोणीही ओरडलं असतं. पण बनावट गिऱ्हाईक ओरडत नाही. ओरडलं की दुकानदार सावध होतो. बोरस्त्यांच्या फक्त पायाचे अंगठे वर झाले.

हर्षलने हात थांबवला. "काका, दुखलं?"

"ङं," बोरस्ते म्हणाले, म्हणजे नाही.

त्याने ताबडतोब एक्स-रे काढला आणि बराच वेळ पाहिला. मग तो समोर स्टूल घेऊन बसला. "काका, नीट ऐका. थोडा मसाला मुळाच्या टोकाबाहेर गेल्यासारखा दिसतोय. तिथून ओठाची नस जाते. इंजेक्शनचा बधिरपणा संध्याकाळपर्यंत उतरायला पाहिजे. उतरला नाही तर मला लगेच सांगायचं. आज रात्रीच. यात वेळ महत्त्वाचा असतो."

बोरस्त्यांनी मान हलवली आणि मनात मुलाला पैकीच्या पैकी गुण दिले. चूक दिसली की लगेच सांगतो! असा दुकानदार त्यांनी नोकरीभरात पाहिला नव्हता. या आनंदात ते घरी आले आणि बायकोने, म्हणजे उज्वलाबाईंनी, दिलेला चहा प्यायला बसले.

चहा अर्धा आत गेला. अर्धा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून निघून हनुवटीवरून शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत पोचला. बोरस्त्यांना काहीच कळलं नाही. ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत होते.

"अहो!" उज्वलाबाई किंचाळल्या. "तोंडातून चहा गळतोय!"

"कुठे?" बोरस्ते म्हणाले आणि दुसरा घोट घेतला. तोही गळला.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षलच होता. "काका, बधिरपणा गेला का?"

समोर बायको उभी. बाजूला मुलगी उभी. ज्या मुलाचं स्थळ आलंय त्याच्याच खुर्चीत आपण खोट्या नावाने जाऊन आलो, हे या क्षणी सांगायचं? बोरस्ते म्हणाले, "हो हो. सगळं व्यवस्थित. लागेल तेव्हा कळवतो," आणि फोन ठेवला.

"कोण होतं?"

"गॅसवाला."

इथून पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं.

सकाळी उठले तरी ओठ परका तो परकाच. हात लावला तर दुसऱ्या कोणाच्या तरी ओठाला हात लावल्यासारखं वाटायचं. दाढी करताना हनुवटी कापली, ते त्यांना आरशात लाल दिसल्यावर कळलं. आणि आठच्या सुमारास समोरच्या फ्लॅटमधल्या लताबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी एकदा बोरस्त्यांकडे पाहिलं, वाटी खाली ठेवली आणि उज्वलाबाईंना स्वयंपाकघरात नेलं.

"वहिनी, हा लकवा आहे."

"काहीतरीच काय!"

"माझ्या चुलत सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं. आधी चहा गळला, मग माणूस गळला. कबुतराचं रक्त चोळा. जंगली कबुतर पाहिजे, घरचं नाही चालत."

दुपारपर्यंत सोसायटीत बातमी पोचली. संध्याकाळपर्यंत ती विंचूरला गेली. आणि दुसऱ्या दिवशी निवृत्तीमामा वेताची पाटी घेऊन दारात हजर झाले. पाटीतून घुमण्याचा आवाज येत होता.

"दाजी, काय बी घाबरू नका. मालेगावहून आणलीत. लय तेज जोडी हाय."

"मामा, मला लकवा झालेला नाही."

"झालेला माणूस असंच म्हणतो," मामा समजुतीने म्हणाले.

बोरस्ते ऐकत नाहीत हे पाहून मामा मुक्कामाला राहिले. बोरस्त्यांनी गुपचूप गॅलरीत जाऊन पाटी उघडली आणि कबुतरं सोडून दिली. त्यांना वाटलं, विषय मिटला. पण मालेगावची कबुतरं पाळलेली होती, शर्यतीची. ती सरळ आपल्या मालकाच्या गच्चीवर जाऊन उतरली. मालकाने मामांना फोन केला, मामा येष्टीने जाऊन तीच जोडी परत घेऊन आले. बोरस्त्यांनी ती पुन्हा सोडली, मामांनी ती पुन्हा आणली. तिसऱ्या खेपेला कबुतरं उडून जाईनात. त्यांनी गॅलरीतल्या जुन्या कूलरवर घर केलं आणि बोरस्त्यांकडे एका डोळ्याने पाहत बसली. मामा म्हणाले, "बघा, त्यांनाबी तुमची काळजी हाय."

लकवा नाही हे सिद्ध केलं तेजलने. तिने वडिलांना खुर्चीत बसवलं.

"भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा."

बोरस्त्यांनी सगळं केलं.

"बघ आई, दोन्ही बाजू सारख्या हलतात. लकव्यात हलणं जातं. यांचं हलणं शाबूत आहे, जाणीव गेलीय. ही वेगळी नस." मग तिने केरसुणीची काडी घेऊन त्यांच्या हनुवटीवर टोचत टोचत, जिथे लागत नव्हतं तिथली हद्द भुवयांच्या पेन्सिलीने आखली. डाव्या ओठाखाली एक तळहाताएवढा नकाशा तयार झाला. तो साधारण निफाड तालुक्यासारखा दिसत होता, असं मामांचं मत पडलं. नंतर तिने कंपासपेटीतला कर्कटक काढला. "आता डोळे मिटा. एक टोक लागलं की 'एक' म्हणायचं, दोन लागली की 'दोन'."

उजव्या ओठावर टोकं तीन मिलिमीटरवर आणली तरी बोरस्ते 'दोन' म्हणाले. डाव्या ओठावर तिने ती वीस मिलिमीटरपर्यंत ताणली.

"पप्पा, सांगा ना."

"तू अजून लावलंच नाहीस की."

तेजलने कर्कटक मिटला. "हे दाढेमुळे झालंय. कोणत्या डॉक्टरकडे गेला होतात?"

"कॅम्प होता."

"कसला कॅम्प?"

"दातांचा. फिरता."

"त्यातला डॉक्टर कुठे भेटेल?"

"फिरतोय."

तेजलने वडिलांकडे पाहिलं. प्रयोगशाळेत एखाद्या द्राक्षाचा आकडा जुळला नाही की ती त्या द्राक्षाकडे जसं पाहायची तसं. बोरस्ते "जरा दूध आणतो" म्हणून बाहेर पडले आणि थेट दिंडोरी रोडला गेले. हनुवटीवर निफाड तालुका आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, नवस आहे का काही?"

हर्षलने त्यांना पाहताच पुढचा पेशंट थांबवला. "काका, तुम्ही तर सगळं व्यवस्थित म्हणाला होतात."

"भिडेपोटी बोललो."

"पाच-सहा दिवस गेले की हो." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, कारण बोरस्त्यांना त्याचे गुण कापायला जागा मिळाली असती. त्याने नकाशाकडे निरखून पाहिलं. "हे कोणी काढलं?"

"मुलीने."

"फार अचूक काढलंय," तो म्हणाला आणि त्याने त्याचा फोटो घेतला. मग गोळ्या लिहिल्या, सूज उतरायच्या आणि नसेच्या ताकदीच्या. जबड्याच्या स्कॅनसाठी चिठ्ठी दिली. "मसाला नसेच्या बोगद्यात किती गेलाय ते बघायला पाहिजे. जास्त असेल तर लगेच काढावा लागेल. ऑपरेशन करणाऱ्या सरांशी मी आत्ताच बोलून ठेवतो. चूक माझ्या हातून झालीय, तेव्हा मी सोबत येईन."

चिठ्ठीवर नाव होतं: वाल्मीक शेवाळे.

स्कॅन सेंटरमधल्या मुलीने चिठ्ठी पाहिली, आधारकार्ड पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

"नाव वेगळं आहे."

"वाल्मीक हे माझं लाडाचं नाव," बोरस्ते म्हणाले.

"आणि शेवाळे?"

लाडाचं आडनाव नसतं, हे बोरस्त्यांना वेळेवर आठवलं. "चिठ्ठीवर खाडाखोड चालेल?"

"नाही. डॉक्टरांकडून बदलून आणा, नाहीतर चिठ्ठीवरच्या माणसाचं ओळखपत्र आणा."

डॉक्टरांकडून नाव बदलून आणायचं म्हणजे खरं नाव सांगायचं. बोरस्त्यांनी ऑफिसात फोन लावला. अर्ध्या तासात खरे वाल्मीक शेवाळे आधारकार्ड घेऊन हजर झाले, कारण सरकारी कामात साक्षीदार म्हणून उभं राहायची त्यांना सवय होती. सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "बोरस्तेभाऊ, दुसऱ्याचं नाव घ्यायचं होतं तर साहेबांचं घ्यायचं होतं."

बोरस्ते पाणी प्यायला गेले. ओठ बधिर असलेल्या माणसाला पाणी प्यायला वेळ लागतो. वॉशबेसिनवर ओणवं होऊन प्यावं लागतं. ते परत आले तेव्हा शेवाळे खुर्चीवर नव्हते. आत हाक पडली होती, "वाल्मीक शेवाळे!" आणि वाल्मीक शेवाळे आज्ञाधारकपणे उठून गेले होते. पाच मिनिटांनी ते गळ्यातली साखळी हातात धरून बाहेर आले.

"भाऊ, मी सांगत होतो, पण तोंडात त्यांनी काहीतरी चावायला दिलं होतं."

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटचा स्कॅन झालेला आहे. एका चिठ्ठीवर एकच होतो."

"पण पेशंट मी आहे!"

"तुम्ही तर सोमनाथ बोरस्ते ना?"

अखेर आतल्या डॉक्टरांनी हर्षलला फोन लावला. दोन माणसं आहेत, एक नाव आहे, कोणाचा जबडा बघायचा? पलीकडून आलेलं उत्तर स्पीकरवर सगळ्या वेटिंग रूमने ऐकलं.

"ज्यांच्या ओठातून पाणी गळतंय त्यांचा."

सगळ्यांनी बोरस्त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. प्रश्न मिटला. स्कॅनमध्ये नस चिरडलेली दिसली नाही; मसाल्याचा एक दाणा बोगद्याच्या भिंतीला टेकून बसला होता. ऑपरेशन नको, गोळ्या घ्या, वाट पाहा, असं ठरलं. शेवाळ्यांच्या जबड्यात मात्र एक आडवी अक्कलदाढ सापडली. ते पुढे महिनाभर बोरस्त्यांशी बोलले नाहीत.

त्या दिवसापासून हर्षलचा रोज संध्याकाळी फोन यायला लागला. आज मुंग्या आल्या का? गोळ्या घेतल्या का? गरम खाताना जपता ना? बोरस्त्यांनी त्याचा नंबर 'गॅस' म्हणून साठवला होता. फोन वाजला की ते गॅलरीत जाऊन कबुतरांच्या समोर कुजबुजत.

"हा गॅसवाला रोज काय विचारतो?" उज्वलाबाई एकदा म्हणाल्या.

"गळती होतेय का, ते."

"इतकी काळजी मला तरी कोणी करत नाही," उज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भांडी आपटली.

आता खरी पंचाईत सुरू झाली. मामा म्हणत होते, पोराकडच्यांना हो की नाही सांगा, त्यांना दुसरं स्थळ आलंय. तेजल तोंडाने काही म्हणत नव्हती, पण तिचा हर्षलशी बोलायचा वेळ वाढला होता आणि ती वडिलांकडे येता-जाता पाहत होती. निर्णय बोरस्त्यांवर येऊन थांबला होता. आणि बोरस्त्यांचा आयुष्यभराचा काटा पहिल्यांदाच स्थिर होईना. मालात खोट निघाली, हे खरं. हनुवटीवर पुरावा होता. पण खोट निघाल्यावर दुकानदार कसा वागतो, याचं माप खात्याकडे नव्हतं. नाही म्हणावं, तर कारण काय सांगायचं? हो म्हणावं, तर भेटीच्या वेळी तो ओळखणार, आणि पोरीचा बाप खोट्या नावाने हेरगिरी करत होता हे दोन्हीकडच्या मंडळींना कळणार. मग तोच नाही म्हणेल. म्हणजे पोरीचं जमत आलेलं लग्न बापाच्या दाढेवरून मोडणार.

"दाजी, रविवारी भेट ठरवली," मामांनी एक दिवस परस्पर जाहीर केलं. "तुमचा नंबर त्यांना देऊन टाकलाय. मिसळीवर भेटू. हल्ली घरी कोणी जात नाय."

नाशकात रविवारी सकाळी माणूस मिसळीवर असतो, आणि पोरीचा बाप आजारी पडला तरी त्याला उचलून नेतात. बोरस्त्यांनी वेषांतराचा प्रयत्न केला. टोपी घातली, जुना चष्मा लावला, मास्क बांधला. गंगापूर रोडच्या त्या मळ्यातल्या हॉटेलात, चिंचेखालच्या टेबलावर, हर्षल आईवडिलांसोबत आधीच बसला होता. तो उठला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "नमस्कार काका." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

ओळखलं नाही! बोरस्त्यांना आपल्या चेहऱ्याचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

मग मिसळ आली. मास्क घालून मिसळ खाता येत नाही.

बोरस्त्यांनी मास्क काढला आणि पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला तर्री निघाली. ती ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाल ओघळ बनून हनुवटीवर उतरली आणि थेंब थेंब करून पांढऱ्या शर्टावर पडू लागली. बोरस्ते आनंदात पावाला हात घालत होते. टेबलावरचं बोलणं हळूहळू थांबलं. समोरून हर्षलने आपल्याच हनुवटीवर, डावीकडे, बोट ठेवलं आणि कागदी रुमाल पुढे सरकवला.

बोरस्त्यांनी हनुवटी पुसली. रुमाल लाल झाला.

हर्षलची आई घाबरून म्हणाली, "भाऊ, तुमच्या ओठाला काय झालंय?"

"थंडी बाधली," उज्वलाबाई म्हणाल्या.

"जन्मजात हाय," मामा त्याच क्षणी म्हणाले. त्यांना वाटलं, लकव्यापेक्षा हे बरं.

हर्षलच्या आईने लगेच तेजलच्या ओठांकडे पाहिलं. उज्वलाबाईंनी भावाकडे पाहिलं. त्या नजरेने कबुतरंसुद्धा मालेगावला परत गेली असती.

"जन्मजात नाही," हर्षल म्हणाला. "माझ्यामुळे झालंय."

चमचे थांबले. फक्त हर्षलचे वडील पातेल्यातली तर्री वाढून घेत होते; त्यांनीही हात आखडला.

"काकांची रूट कॅनल मी केली. मसाला मुळाबाहेर गेला, नसेला लागला. चूक माझी आहे. हे मी आज सांगणारच होतो, पण पेशंटची गोष्ट पेशंटला विचारल्याशिवाय घरी सांगायची नसते. आता तुम्ही आईला वेगळंच कारण सांगितलंत, म्हणून बोललो. माफ करा, काका."

"तुम्ही ओळखलंत?" बोरस्त्यांनी रुमाल खाली ठेवला.

हर्षलने मोबाइल टेबलावर ठेवला. "मामांनी मुलीच्या वडिलांचा नंबर पाठवला. तो माझ्याकडे आधीपासून होता. 'वाल्मीक शेवाळे, सदतीस नंबर' या नावाने."

"म्हणजे तो फिरता कॅम्प?" तेजल म्हणाली.

"आणि तो गॅसवाला?" उज्वलाबाई म्हणाल्या. "अहो, मी त्या गॅसवाल्यापायी किती रात्री जागून काढल्या! एजन्सीत जाऊन भांडून आले मी! तो बिचारा शपथा घेत होता!"

बोरस्त्यांनी तोंड उघडलं. त्यातून थोडी तर्री आली, शब्द आले नाहीत. बनावट गिऱ्हाइकाने शेवटी खिशातून ओळखपत्र काढायचं असतं. त्या क्षणासाठी खात्यात एक रुबाब ठरलेला आहे. त्यातलं काही न करता ते टोपी काढून एवढंच म्हणाले, "मुलगा बघायला गेलो होतो. तेजल नीट बघा म्हणाली."

"दाढ देऊन?" हर्षलची आई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला. मामांनी तिला पाणी दिलं आणि संधी साधून सांगितलं, "आमचे दाजी लय कडक तपासतात. म्या औषधाला कबुतरं आणली, तीबी नापास केली. आता गॅलरीत कूलरवर बसलीत."

तेजल हसली नाही. ती हर्षलकडे वळून बसली. "मसाला गेला ते तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"एक्स-रे काढल्यावर. लगेच सांगितलं. संध्याकाळी फोनही केला."

"मग त्यांनी काय सांगितलं?"

बोरस्तेच म्हणाले, "सगळं व्यवस्थित, असं सांगितलं."

"भरून येईल?"

"बहुतेक. खात्री देत नाही. सहा महिने लागतील, वर्षही लागेल. थोडा भाग कायमचा राहूही शकतो. तुम्ही पहिल्या आठवड्यात मोजलं होतंत ना? तेव्हा किती होतं?"

"वीसपर्यंत काहीच कळत नव्हतं. कर्कटकाने मोजलं होतं."

"कर्कटकाचा काय भरवसा," बोरस्ते पुटपुटले, आणि इतक्या अपमानातही त्यांचा हात सवयीने पिशवीत गेला. त्यांनी व्हर्निअर कॅलिपर काढून टेबलावर ठेवला. खात्याकडून याच वर्षी पडताळून आलेला.

हर्षलने खिशातून स्पिरिटची पुडी काढून त्याची टोकं पुसली आणि तो तेजलपुढे धरला. "तुम्ही मोजा. माझ्या हाताचं झालेलं आहे, मी मोजणं बरोबर नाही."

तेजलने कॅलिपर घेतला, एकदा पूर्ण मिटवून शून्य जुळतंय का ते पाहिलं. "आणि हे दर आठवड्याला मोजावं लागणार?"

"हो. त्याच माणसाने, त्याच साधनाने मोजलेलं बरं."

"मग तुम्हाला दर आठवड्याला यावं लागेल."

"येईन."

"येताना घरीच या," उज्वलाबाई म्हणाल्या. "इथे शर्ट खराब होतात."

हर्षलची आई पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "मीही येते. मला ती कबुतरं बघायचीत."

"पप्पा, डोळे मिटा," तेजल म्हणाली.

बोरस्त्यांनी डोळे मिटले. चिंचेवरून वाऱ्याने दोनचार पानं मिसळीत पडली. पातेल्याशी चमचा वाजला. हर्षलच्या वडिलांनी पुन्हा तर्री घेतली होती. तेजलने आधी उजवीकडे टोकं लावली, मग डावीकडे, जवळ आणत, लांब नेत, मध्येच एकच टोक लावून फसवत. प्रत्येक वेळी बोरस्ते विचार करून, खऱ्या साक्षीदारासारखे, 'एक' किंवा 'दोन' म्हणाले.

उजवा ओठ, तीन मिलिमीटर. डावा ओठ, अकरा.